जुनं चिनी रेशमी भरतकाम: माझ्याकडे अर्धाच पक्षी आहे, काय करू?

वेळूबन
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचत होते, आज पहिला धागा काढतेय. सांभाळून घ्या.

मी लीड्सला राहते. इथे रविवारी जुन्या वस्तूंचे बाजार भरतात, तिथे मला हा छंद लागला: जुनं चिनी रेशमी भरतकाम. सुरुवात बायकांच्या अंगरख्याच्या बाहीपट्ट्यांपासून झाली, कारण त्याच परवडायच्या. आता तीन पट्ट्या, एक चष्म्याचं घर आणि चीनमध्ये मुलींचे पाय लहान राहावेत म्हणून बांधायच्या काळातला इवल्याशा चपलांचा एक जोड एवढी माझी दौलत. चपला पेटीत तळाशी असतात. काम सुरेख आहे, पण बघवत नाहीत.

मागच्या रविवारी एका टेबलावर वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक तुकडा दिसला. २९ सेंमी उंच, जेमतेम १४ रुंद. काळपट निळं साटीन आणि त्यावर सोनेरी जर टाचून बसवलेली, इतकी दाट की साटीन शोधावं लागतं. खाली तिरप्या रंगीत पट्ट्यांचा समुद्र, वर ढग, कोपऱ्यात एक वटवाघूळ. एका कडेला पक्ष्याचा पंख आणि शेपटी. आणि तिथेच कापड संपतं. डोकं नाही. बाई म्हणाल्या, मँडरिनचा, म्हणजे चिनी दरबारी अधिकाऱ्याचा, हुद्द्याचा बिल्ला आहे, ६० पौंड. मी दिले.

आता रात्री झोप नाही. पक्षी कुठला? मी फसले का? आणि अर्धी वस्तू भिंतीवर लावायची तरी कशी? नवऱ्याचं म्हणणं, अर्ध्या कोंबडीला ६० पौंड देणारी बाई त्याने पहिल्यांदाच पाहिली.

फोटो जोडलाय.

नस्ती_उठाठेव
फोटो दिसत नाहीये.

पेठेतला
अर्धीला ६०, म्हणजे आख्खीला १२०. रस्सा वेगळा का?

जरतारी
वेळूबन, छान धागा. मी काही वर्षं एका संग्रहालयात कापडांच्या जपणुकीचं काम केलंय, त्या जोरावर लिहिते.

आधी धीर देते. अर्धा तुकडा असणं ही फसवणुकीची खूण नाही, उलट असू शकतं. हे हुद्द्याचे चौकोन मिंग काळात, १३९१ पासून आले. दरबारी माणसाच्या अंगरख्यावर छातीला एक आणि पाठीला एक. मुलकी अधिकाऱ्याला पक्षी, लष्करी अधिकाऱ्याला श्वापद. मिंग अंगरखा बाजूने बंद व्हायचा, त्यामुळे छातीवरचा चौकोन अखंड असे. पुढे चिंग राजवटीत (१६४४ ते १९१२) वरचा डगला मधोमध उघडणारा झाला. मग छातीवरचा चौकोन उभा दुभंगला. बटणं लावली की पक्षी पूर्ण, काढली की अर्धं डोक्याकडचं आणि अर्धं शेपटीकडचं. पाठीवरचा मात्र अखंडच.

तेव्हा तुमच्याकडे छातीच्या चौकोनाचा शेपटीकडचा भाग असावा. त्यात लाल सूर्य आहे का बघा. मुलकी पक्षी सूर्याकडे तोंड करून असतो, म्हणून सूर्य डोक्याच्या बाजूला असतो. तुमच्याकडे नसला तर जुळतं.

आता शेपटी. पिसं किती? टोकं कशी? कडा सरळ की दातेरी?

वेळूबन
जरतारी, सूर्य नाही!! पिसं पाच, लांब, पांढरी, कडेला करवतीसारखे दाते. मोराचे डोळे वगैरे काही नाहीत.

जरतारी
मग रुपेरी फेझंट. पाचवा हुद्दा. नऊ हुद्द्यांचे नऊ पक्षी असतात: पहिला क्रौंच, दुसरा सोनेरी फेझंट, तिसरा मोर, चौथा रानहंस, पाचवा रुपेरी फेझंट, सहावा बगळा, सातवं मंदारिन बदक, आठवा लावा, नववा स्वर्गीय नर्तक. भरणाऱ्याच्या हातात हे सगळे पक्षी एकमेकांसारखे दिसायला लागतात, म्हणून जाणकार आधी शेपटी मोजतात. सोनेरी फेझंटला लांब पिसं दोन, रुपेरीला दातेरी पाच. तुमच्या हाती नेमका कामाचा अर्धा भाग लागलाय. डोक्याकडचा मिळाला असता तर आपण अजून वाद घालत बसलो असतो.

पेठेतला
फेझंट कोंबडीच्याच कुळातला. यजमान बरोबर होते, धागा बंद करा.

मोगरा_गजरा
वटवाघूळ?? दरबारी कपड्यावर? आमच्याकडे संध्याकाळी घरात शिरलं तर आजी मीठमोहरी काढायची.

जरतारी
चिनी भाषेत वटवाघूळ आणि सुदैव या दोन्ही शब्दांचा उच्चार 'फू'. सगळी गंमत शब्दांच्या खेळाची. पाच वटवाघळं म्हणजे पाच सुखं. लाल वटवाघूळ तर आणखी शुभ.

दादरची_सई
चिनी भरतकाम म्हटल्यावर राहवत नाही. माझी आजी शिवणकाम करायची, आणि तिची मोठी गिऱ्हाईकं म्हणजे दादरच्या पारशी कॉलनीतल्या बायका. त्यांच्याकडचे गारे दुरुस्तीला यायचे. गारा म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: जांभळ्या, काळ्या किंवा दाट लाल चिनी रेशमावर अंगभर भरलेली साडी, बहुतेक पांढऱ्या नाहीतर फिक्या रेशमाने. पारशी व्यापारी कँटनला जात, म्हणजे आजचं ग्वांगझौ. पहिला गेला तो हिरजी जीवनजी रेडीमनी, १७५६ मध्ये. जमशेटजी जीजीभाईंनीही तरुणपणी चीनच्या वाऱ्या केल्या. जाताना कापूस आणि अफू, येताना चहा, रेशीम आणि हे भरतकाम. पुढे चिनी फेरीवाले पाठीवर गाठोडं घेऊन मुंबईत दारोदार ते विकायला यायचे.

नक्ष्यांची नावं ऐका. चकला-चकली म्हणजे पाखरांची जोडी. चिना-चिनी म्हणजे पूल, पॅगोडे आणि छत्री घेतलेली माणसं. आणि गोल ठिपक्यांची नक्षी, तिचं नाव कांदा-पपेटा! कँटनच्या कारागिराने मन लावून भरलं आणि मुंबईच्या बाईला त्यात कांदेबटाटे दिसले.

आजी सांगायची, जमीन, म्हणजे खालचं कापड, आधी विरते, भरतकाम नाही. म्हणून ती कोर, म्हणजे भरलेली किनार, ब्लेडने उसवून नव्या जॉर्जेटवर चढवायची. एक किनार उतरवायला आठवडा. टाका भरतकामाच्या दोऱ्यात अडकला तर श्वास रोखून सोडवायचा. उरलेली फाटकी जमीन त्या बायका परत मागून घ्यायच्या, तिच्यात चार इंच जरी पक्षी शिल्लक असला तरी. तुकड्याला किंमत असते हे मला तिथे कळलं. वेळूबन, तुमच्या ६० पौंडांबद्दल मी काही बोलणार नाही.

गणपुले_काका
सईताई, सुरेख लिहिलंत. यात भर: तनछोई, हे विणून नक्षी काढलेलं रेशमी कापड. सुरतेचे तीन जोशी भाऊ जीजीभाईंच्या मदतीने चीनला गेले, छोई नावाच्या उस्तादाकडे विणकाम शिकले, म्हणून तीन छोई ते तनछोई, अशी कथा सांगतात. आणि आपल्या संस्कृतात रेशमी वस्त्राला चीनांशुक म्हणतच. म्हणजे ओळख जुनी.

खडूफळा
अवांतर: तीन भावांच्या अशा कथा प्रत्येक कापडामागे असतात. मला संशय आहे की भाऊ नेहमीच तीन का.

गणपुले_काका
चौथा घर सांभाळायला मागे राहतो.

नस्ती_उठाठेव
आता फोटो दिसला. पण हे तर सांडगे वाळत घातलेत.

वेळूबन
अरे देवा, चुकीचा चढला. रात्री बदलते. (सांडगे कोहळ्याचे आहेत. लीड्सच्या उन्हात तीन आठवडे लागले.)

सुईत_दोरा
मी स्वतः भरतकाम शिकवते, एक प्रश्न. माझ्या विद्यार्थिनी 'निषिद्ध टाका' म्हणून काहीतरी शोधून आणतात. इतका बारीक की भरणाऱ्या मुली आंधळ्या व्हायच्या, म्हणून बादशहाने बंदी घातली वगैरे. खरंय का?

जरतारी
विकणाऱ्यांची गोष्ट आहे ती. पाश्चात्त्य बाजारात हे नाव चाललं, कारण निषिद्ध म्हटलं की किंमत चढते. चिनी नावाचा अर्थ अगदी घरगुती आहे, 'बी घालणे'. दोरा सुईला एकदा वेढायचा आणि जवळच खाली उतरवायचा, की तिळाएवढी गाठ बसते. फ्रेंच नॉटपेक्षा चपटी, मधे बारीक छिद्र. फुलाच्या पाकळीत अशा गाठी ओळीने बसवल्या की दुरून मखमल वाटते. पारशी मंडळी याच गाठीला खाखो म्हणतात. बंदी घातली असती तर इतक्या बटव्यांवर, बाह्यांवर, पंख्यांच्या घरांवर ती सापडली नसती.

डोळे बिघडत नव्हते असं मी म्हणत नाही. समईएवढ्या उजेडात बारा तास भरलं तर कुठलाही टाका डोळे खातो. त्याला फर्मान लागत नाही.

सुईत_दोरा
धन्यवाद. आणि दोरा फोडतात म्हणजे नक्की काय? मी शिकवते ते सहा पदरी सुती दोऱ्याचे पदर वेगळे करणं. तसंच?

जरतारी
त्याच्या पुढचं. सुजौला, म्हणजे चीनमधल्या भरतकामाच्या सगळ्यात नावाजलेल्या गावी, बिनपिळाच्या रेशमाची एक तार बोटांनी सोळा भागांत फोडतात, गरज पडली तर आणखी. माशाची शेपटी किंवा मांजराच्या मिशा भरताना असा एखादा धागा सुईत असतो. हात खरखरीत असला तर धागा बोटालाच चिकटतो. पीळ नसल्यामुळे रेशीम उजेड सरळ परत फेकतं, आणि टाक्याची दिशा बदलली की एकाच रंगाच्या दोन छटा दिसतात. चांगलं काम ओळखायचं तर तुकडा हातात धरून हळू तिरका करा. यंत्राच्या पॉलिएस्टरची चमक सगळीकडून सारखीच राहते.

सुजौच्याच शेन शौ (१८७४ ते १९२१). त्यांनी पाश्चात्त्य चित्रातला उजेड आणि सावली सुईने उतरवली. इटलीच्या राणीचं त्यांनी भरलेलं चित्र १९११ च्या तुरीन प्रदर्शनात होतं. शौ म्हणजे दीर्घायुष्य, हे नाव त्यांना राजमाता त्सशीने १९०४ मध्ये आपल्या सत्तराव्या वाढदिवसाला दिलं.

कोकणकडा
मी पण मिरवून घेतो. माझ्याकडे पणजीच्या मैत्रिणीकडून आलेलं एक चिनी भरलेलं आसन होतं. 'होतं'. पिवळं पडलं म्हणून मी पुण्यातल्या एका ड्रायक्लीनरकडे दिलं. परत आलं तेव्हा सोनेरी ड्रॅगन करड्या दोऱ्याचा झाला होता. जर कुठे गेली विचारलं तर म्हणे, साहेब, नकली होती, खरी जर अशी जात नाही.

जरतारी
कोकणकडा, वाईट वाटलं. त्या माणसाला आणि तुम्हाला, दोघांनाही एक ठाऊक नव्हतं. आपली जर म्हणजे धातूची चपटी तार दोऱ्यावर गुंडाळलेली. चिनी सोनेरी दोरा कागदाचा असतो! पातळ कागदावर सोन्याचा वर्ख चढवायचा, त्याच्या बारीक पट्ट्या कापायच्या आणि रेशमी दोऱ्यावर पिळायच्या. पाणी लागलं की वर्ख सुटतो, कागद फुगतो. घासलं तरी तेच. उरतो तो आतला दोरा. म्हणजे तुमचा ड्रॅगन अस्सल होता, म्हणूनच गेला.

सगळ्यांना सांगते: चिनी जरीचं काम धुवायचं नाही, ड्रायक्लीन नाही, ओल्या बोटाने 'जरासं पुसून' नाही.

कोकणकडा
दहा वर्षं मी तो नकली होता अशी समजूत करून घेतली होती. बरं होतं तेच.

शंकासुर
काडी टाकतो. इंग्लंडमधल्या बाजारात चिनी दरबारी कपडे येतात कुठून? १८६० ला इंग्रज-फ्रेंचांनी बीजिंगचा उन्हाळी राजवाडा लुटून जाळला, १९०० मध्ये पुन्हा शहर लुटलं. कोहिनूरवरून आपण गळा काढतो आणि इथे लुटीच्या मालाला छंद म्हणतो?

वेळूबन
शंकासुर, हा विचार मलाही टोचतो. खरंच.

खडूफळा
शंकासुराचा मुद्दा बादशाही अंगरख्यांना लागू आहे, सरसकट नाही. हुद्द्याचे चौकोन दरबार वाटत नसे. हुद्दा मिळाला की अधिकाऱ्याने स्वतःच्या खर्चाने चौकोन करून घ्यायचा किंवा बाजारातून आणायचा. म्हणून एकाच हुद्द्याचे चौकोन एक अप्रतिम आणि एक गबाळा असे सापडतात. १९१२ च्या फेब्रुवारीत बादशहा पायउतार झाला, हुद्दे संपले, आणि पेट्यांमधल्या या वस्तूंचं घरच्यांना काही काम उरलं नाही. त्या विकल्या गेल्या. गोऱ्या मडमांनी त्यांच्या उशा, पर्स, चहाच्या किटलीच्या टोप्या केल्या. लूट म्हणण्यापेक्षा भंगारात निघाल्या म्हणा. त्यात सुख आहे असं नाही.

आजचा कायदाही बघून ठेवा. चीन १९११ आधीच्या वस्तू बाहेर जाऊ देत नाही. आपल्याकडे १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांवरची पुरावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही, मग ती आजीच्या कपाटातली का असेना. सईताई, गारा घेऊन लेकीकडे अमेरिकेला निघालात तर आधी चौकशी करा.

दादरची_सई
लेक ठाण्याला आहे. ट्रेनने नेईन.

शंकासुर
खडूफळा, पटलं असं नाही, पण फरक मान्य.

मोगरा_गजरा
हुद्दे विकतही मिळायचे ना? कुठेतरी ऐकलंय.

खडूफळा
हो, एकोणिसाव्या शतकात तिजोरी रिकामी झाली तेव्हा दरबार पैसे घेऊन पदव्या द्यायचा. सरकारी दरपत्रकानुसार आणि पावतीसह. आपल्याकडे पावती मिळत नाही एवढाच फरक.

जरतारी
आणि त्याचा थेट परिणाम भरतकामावर झाला. शेवटच्या काळातल्या पुष्कळ चौकोनांत समुद्र, ढग, किनार तयार असायची आणि मधे पक्ष्यापुरती जागा मोकळी. पक्षी वेगळा भरून वरून टाचायचा. बढती मिळाली की पक्षी उसवायचा, नवा बसवायचा. बाकी चौकोन तोच.

वेळूबन, मूळ प्रश्नाकडे येऊ. तुमची शेपटी कापडावरच भरलीय की वरून टाचलीय? दुसरं जास्त महत्त्वाचं: मधली कड भिंगातून बघा. एक लबाडी चालते. पाठीवरचा अखंड चौकोन कात्रीने मधोमध कापून दोन गिऱ्हाइकांना विकतात. तसं असेल तर सोनेरी दोरे कडेला तुटलेले दिसतील, टोकांचे कागद सुटलेले. मुळातच दुभंगलेला असेल तर दोरा कडेपर्यंत येऊन वळतो आणि परत मागे जातो, शेत नांगरताना बैल बांधाशी वळतात तसा. अस्तर उसवू नका. मागून एखादी जागा उघडी असेल तर तिथून बघा.

आणि कुठे भडक जांभळा रंग आहे का?

पेठेतला
जांभळ्याने काय होतं?

जरतारी
कृत्रिम जांभळा लंडनमध्ये १८५६ ला पर्किन नावाच्या रसायनतज्ज्ञाने काढला. चीनमध्ये असे रंग १८७० च्या सुमारास पोचले. म्हणजे तो मूळ टाक्यात असेल तर तुकडा त्याच्या आधीचा नाही. समुद्राच्या तिरप्या पट्ट्याही बोलतात: जितक्या उंच, तितकं काम साधारण उशिराचं.

वेळूबन (दोन दिवसांनी)
मुलं झोपल्यावर जेवणाच्या टेबलावर पांढरी चादर घातली, दिवा बाजूने लावला आणि नवऱ्याचं तिकिटांचं भिंग घेऊन बसले. सांगते.

मधली कड: दोरे वळलेत! सगळे. दोन-दोन दोऱ्यांची जोडी कडेशी येते, बारीक लाल रेशमाच्या टाक्याने अडते आणि मागे फिरते. मी अठ्ठावीस वळणं मोजली आणि मग मोजणं सोडून नुसतं बघत बसले. एक-दोन ठिकाणी वर्ख झिजलाय, तिथे आतला कागद दिसतो. खरंच कागद आहे हो.

जांभळा आहे. समुद्रातली एक पट्टी आणि खडकाजवळचं एक फूल. पट्ट्या जवळजवळ एक तृतीयांश उंचीपर्यंत चढल्यात.

आणि शेपटी टाचलेली आहे. पाचव्या पिसाचं टोक सुटलंय, दोन-तीन मिलिमीटर. मी हात लावला नाही, खाली नुसता कागद सरकवून उजेड पाडला. आत जर नाही, निळं साटीन आहे. त्या निळ्यावर बारीक भोकांची रांग आहे, आणि एका भोकात पांढऱ्या रेशमाचा तंतू अडकलाय. ती रांग पिसाच्या कडेशी जुळत नाही. आतून, वेगळ्याच वळणाने जाते.

नवऱ्याला उठवून दाखवलं. तो पाच मिनिटं बघत राहिला आणि म्हणाला, "म्हणजे याला बढती मिळाली होती."

दादरची_सई
अंगावर काटा आला.

गणपुले_काका
बगळा होता! सहाव्यावरून पाचव्यावर. बगळाही पांढराच.

जरतारी
काका, थांबा. बगळा असू शकतो. पण हाच फेझंट एकदा सैल झाला आणि जरा बाजूला सरकवून परत टाचला, असंही असू शकतं. किंवा जुन्या डगल्यावरचा चौकोन दुसऱ्या कुणी विकत घेऊन आपला पक्षी लावला. भोकं एवढंच सांगतात की आधी तिथे काहीतरी वेगळ्या रेषेत टाचलेलं होतं. त्यापुढचं आपण सांगतोय.

वेळूबन, तुकडा अस्सल वाटतो. चिंग, मुलकी पाचवा हुद्दा, छातीचा अर्धा भाग, एकोणिसाव्या शतकाचा शेवट किंवा त्यानंतरचा थोडा काळ. बायकोलाही नवऱ्याच्या हुद्द्याचा चौकोन असे, आरशातल्यासारखा उलटा, तेव्हा डगला बाईचाही असू शकेल. फसला नाहीत.

वेळूबन
जरतारी, तुम्हाला लोटांगण. आता शेवटचं, फ्रेम?

जरतारी
लावाच असं काही नाही. लावली तर काच कापडाला टेकता कामा नये, गोंद किंवा चिकटपट्टी अजिबात नाही. पाटीवर सुती कापड ताणून त्यावर कडेच्या मोकळ्या साटिनातून चार सैल टाके. खिडकीसमोर नको. संग्रहालयात अशा कापडावर ५० लक्सच्या वर उजेड पडू देत नाहीत, म्हणजे तुम्हाला चाचपडावंसं वाटेल इतपत. नाहीतर सपाट खोका घ्या. मांजरपाट दोनदा गरम पाण्यातून काढून खळ घालवा, तो खाली-वर घाला आणि तुकडा घडी न करता ठेवा. डांबरगोळ्या कापडाला टेकवू नका. मुंबईकरांनी पावसाळ्यात महिन्यातून एकदा उघडून बुरशी आणि कसर बघायची.

सुईत_दोरा
सुटलेलं टोक शिवून टाका ना, दोन टाक्यांचं काम.

दादरची_सई
नको! मग भोकं कशी दिसणार?

वेळूबन
नाही शिवत. खोका आणलाय, मांजरपाट भारतातून आलेल्या गादीच्या खोळीचा निघाला. रविवारी काढून बघायचा असं ठरवलंय. नवरा आता बाजारात माझ्यापुढे चालतो, डोक्याकडची बाजू शोधत. कालच एका टेबलावर चहाच्या किटलीची टोपी उलटी करून आत बघत होता.

फोटो नवीन चढवलाय, यावेळी बरोबर आहे.

पेठेतला
डोक्याची बाजू मिळाली तर भाव करा. अर्ध्या कोंबडीचा दर आता सगळ्यांना माहीत झालाय.

नस्ती_उठाठेव
दिसला! पण समुद्र वर आणि ढग खाली कसे?

वेळूबन
फोन उलटा धरला होता.